टाकीत उरलेलं नेट

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. जन्मभर पत्रं लिहिली, त्यामुळे आधी सगळ्यांची तब्येत विचारल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. तर, हिचे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना बरे, चढताना वाईट. चिरंजीवांची पाठ? खुर्ची बदलली तरी धरतेच. सूनबाईचे डोळे? लाल. झोप कमी, स्क्रीन जास्त. माझं बीपी? उत्तम. मोजलेलं नाही. आणि राउटर? त्याचंच काही खरं नाही.

सूनबाई मागच्या खोलीत बसून एका लांबच्या कंपनीच्या नव्या माणसांना व्हिडिओवरून काम शिकवते. म्हणजे शिकवायला हवं. प्रत्यक्षात दिवसभर तिचा एकच धडा ऐकू येतो. माझा आवाज येतोय का? आता येतोय का? आणि आता? कंपनी कंटाळली. सत्तावीस तारखेला मोठ्या साहेबांसमोर तिची मीटिंग आहे. त्या दिवशी नेट नीट चाललं तर घरून काम कायम. नाहीतर मुख्य ऑफिसात हजर व्हायचं, तेही पार दुसऱ्या टोकाच्या शहरात. ती गेली की चिरंजीवही जाणार. नवरा आहे, जायलाच हवं. मग या घरात आम्ही दोघं आणि हिचे दोन गुडघे.

निश्चय: नवा राउटर घ्यायचा. निवड मी करणार. उभं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर काढलं. शाळा फारशी नाही, पण मॅन्युअलं वाचून वाचून शिकलो. राउटर म्हणजे शेवटी पंपच, पाणी तेवढं दिसत नाही. रविवारच्या आत निकाल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एक गोष्ट इथे लिहायला हरकत नाही, कारण हे कोणी वाचत नाही. जुना राउटर इतकी वर्षं टिकला तो माझ्यामुळे. मी त्याला विश्रांती देतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा, वाटलं तर चहानंतर. हात लावून बघायचा, गरम लागला की बटन बंद. बिचाऱ्याला थोडा वेळ पडू द्यायचं. मग पुन्हा चालू. गाजावाजा करत नाही. पुण्य बोलून दाखवलं की संपतं.

आणि यात कोणाचं अडत नाही. पंप बंद केला म्हणून गावाचे नळ लगेच कोरडे पडतात का? वर टेकडीवर टाकी असते. तसंच लॅपटॉपमध्ये थोडं नेट साठलेलं असतं, तेवढ्यावर पाच-दहा मिनिटं सहज निघतात. हवेतलं बोलत नाही, प्रयोग केलाय. मोबाइलवर गाणं लावलं, राउटर बंद केला. गाणं वाजतच राहिलं, जवळजवळ दीड कडवं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आज अकराच्या सुमाराला मी बटन दाबायला आणि सूनबाईनं आतून “गेलं!” म्हणून ओरडायला एकच गाठ पडली. म्हणजे माझा अंदाज किती अचूक. तो कोसळणारच होता, मी वेळेवर बंद केला. शिवाय तिच्या लॅपटॉपची टाकी लहान दिसते. एकदा विचारायला हवं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अभ्यास सुरू. एमबीपीएस म्हणजे प्रेशर, हे आपलं आपण शोधून काढलं. ड्युअल बँड म्हणजे दोन लाइनी. एक लांबवर जाते पण सावकाश. दुसरी जोरात, पण भिंत आली की दमते. पहिली माझ्यासारखी, दुसरी हिच्यासारखी. (ही माझी वही उघडत नाही ना, पुन्हा खात्री केली.)

चिरंजीवांनी एका मॉडेलचा फोटो दाखवला. म्हणाले, बाबा, हाच घेऊ, आज ऑर्डर करतो, परवा येईल. गुळगुळीत पांढरा डबा, अँटेनाचा पत्ता नाही. बोडका. मी म्हटलं, याच्या टाळक्यातून काय निघणार? तो म्हणाला, बाबा, अँटेना आत असतात. म्हटलं, माझेही केस आतच आहेत. हसला नाही. हल्ली हसत नाही तो.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुकानात गेलो. भिंतभर राउटर. विकणारी बाई चुणचुणीत. घर केवढं, भिंती विटांच्या की सिमेंटच्या, वापरणारे किती, सगळं भराभर विचारून घेतलं. मी एकच विचारलं, हा सलग किती तास चालतो? म्हणाली, काका, हा बंद करायचाच नसतो. कधीच? कधीच.

तिथेच ओळखलं. ज्याला दम लागत नाही असं यंत्र अजून जन्माला यायचंय. असल्या माणसाकडून खरेदी नाही. येताना हिच्या गुडघ्यांसाठी मलम आणलं, म्हणजे फेरी फुकट गेली असं नाही.

रविवारच्या आत निकाल लागणार नाही. घाईनं घेतलेली वस्तू घाईनंच बिघडते.

१० नोव्हेंबर, सोमवार

घराचा सर्व्हे केला. मोबाइल हातात धरून खोलीखोलीत उभा राहिलो, सिग्नलच्या काड्या बघितल्या. बाहेरच्या खोलीत सगळ्या. स्वयंपाकघरात दोन. बाथरूममध्ये दारात एक, आत शून्य. ही म्हणाली, अहो, बाहेर या, बाथरूममध्ये कोणाची मीटिंग असते? हिला शास्त्रीय पद्धत कळत नाही.

शेजारचे निवृत्त मास्तर आले. आम्ही घरात त्यांना सर्वज्ञ म्हणतो. म्हणाले, पंपराव, अँटेना मोजा. दोनवाला घेतलात तर दोन खोल्यांत नेट, आठवाला घेतलात तर आठ. म्हटलं, आमच्या खोल्याच चार. म्हणाले, मग चार वाऱ्यावर सोडा, पण आठच घ्या. पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. त्यांच्याकडे नेट नाहीच, ते चारच्या बातम्या आमच्याकडे येऊन बघतात. म्हणजे सल्ला निःस्वार्थी.

सूनबाईचा वर्ग आज तीनदा तुटला. मी दोनदाच विश्रांती दिली होती. म्हणजे एकदाचा दोष नक्की राउटरचा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नेटच्या कंपनीचा लाइनमन आला. वायर बघितली, काहीतरी लावून मोजलं, म्हणाला, काका, लाइन ठणठणीत आहे. डबा मध्येमध्ये बंद पडतोय. इथे लाइट जाते का? म्हटलं, छे. कोणी बटनाशी खेळतं का? म्हटलं, आमच्याकडे खेळणारं कोणी नाही. खरंच आहे. मी काय खेळतो? त्याला चहा दिला. उगीच विषय वाढवला नाही.

तो गेल्यावर सूनबाई म्हणाली, बाबा, लाइन चांगली असेल तर मग काय असेल हो? तिनं फार आशेनं विचारलं. म्हटलं, वय. यंत्राचं वय झालंय. तू काळजी करू नकोस, मी आहे ना.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मन लागत नाही.

सकाळचं शब्दकोडं मी आणि सूनबाई मिळून सोडवतो, आडवे शब्द माझे, उभे तिचे. दोन वर्गांच्या मध्ये ती दारातून डोकं काढून विचारते, बाबा, तीन अक्षरी, हट्टी? मी म्हणतो, आरशात बघ. मग तीही म्हणते, मी तुम्हालाच बघत होते. आज डोकं बाहेर आलंच नाही. कोडं अर्धं राहिलं.

दुपारी ही हळूच सांगायला आली. सूनबाई सिंकपाशी नळ सोडून रडत होती. कालच्या वर्गात तिचा चेहरा अर्ध्या वाक्यात गोठला, तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि नव्या पोरांनी त्याचा फोटो काढून एकमेकांना पाठवला. साहेबांपर्यंत गेला.

फार वाईट वाटलं. उठलो आणि राउटरला जास्तीची विश्रांती दिली. आपल्याकडून जेवढं होईल तेवढं करायचं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सापडलं! आंघोळ करताना सुचलं. इतके दिवस काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पंपहाउसवर आमच्याकडे कधी एक पंप होता का? कायम जोडी. एक चालू, एक झोपलेला. चालता पंप तापला की झोपलेला उठवायचा आणि याला झोपवायचं. आणि खरं कसब कशात? शहर सकाळी आंघोळीला उठायच्या आधी पंप बदलायचा. सगळ्यात जास्त ओढ असते तेव्हा लाइनीवर ताजा गडी हवा. तीस वर्षं बदलला, एका माणसाच्या डोक्यावर साबण तसाच राहिला नाही.

तेव्हा राउटर दोन. एकाच जातीचे. चार अँटेनावाले, म्हणजे दोन्ही मिळून आठ. सर्वज्ञांचाही मान राहिला.

चिरंजीव म्हणाले, बाबा, दोन कशाला? म्हटलं, स्टँडबाय. तो थोडा विचार करून म्हणाला, बॅकअप म्हणून ठीक आहे, एखादा बिघडला तर असावा. बापाचं म्हणणं मुलाला एका झटक्यात पटलं, याची इथे नोंद व्हावी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आले. काळे, तुकतुकीत, चार-चार शिंगं. चिरंजीवांनी एक जोडला, मोबाइलवरून काय काय केलं, पासवर्ड घातला. म्हणाला, दुसरा खोक्यातच राहू दे, लागेल तेव्हा सेट करीन. मी संध्याकाळी तो बाहेर काढून पहिल्याशेजारी मांडला. खोक्यातला पंप काय कामाचा? वायर लावून पाहिली, हिरवा दिवा लागला. तयार आहे गडी.

जुना राउटर पुसून कपाटात ठेवला. नोकरी चोख केली त्यानं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस नेट एकदाही गेलं नाही. सूनबाई आज वर्गात चक्क विनोद करत होती, समोरून हसण्याचे आवाज आले. जेवताना म्हणाली, बाबा, तुमची निवड जबरदस्त. आईंनाही सांगितलं मी. ही म्हणाली, हो बाई, एवढ्या दिवसांत एवढीच निवड बरी निघाली यांची. म्हटलं, दुसरी. पहिली समोर बसलीये. ही लाजली नाही, पण पानात वाढलं जास्त.

कौतुकाच्या भरात एक राहून गेलं. दोन दिवस विश्रांती दिलीच नाही. हात लावून बघितला, कोमट. लक्षण ठीक नाही. नवं यंत्र पहिल्याच आठवड्यात ताणलं तर आयुष्यभर कुरकुरतं. उद्यापासून नियम पुन्हा सुरू.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नियम सुरू. नेट पुन्हा जायला लागलं. कमाल आहे.

चिरंजीव चिडले. म्हणाले, बाबा, नवा पीसपण खराब दिलाय त्यांनी. म्हटलं, तसं नसतं, नवं यंत्र रुळायला वेळ घेतं.  सूनबाईनं कॅलेंडर बघितलं. मग मोबाइलवरून नेट घेऊन बघितलं, पण आमच्या मागच्या खोलीत मोबाइलला रेंज म्हणजे उंबराचं फूल.

झोपलेल्याला उठवून रीतसर बदल अजून केलेला नाही. तो मोठ्या दिवसासाठी राखून ठेवलाय. रोज पंप बदलून हात दाखवायची मला हौस नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

मोठा दिवस. सूनबाईनं निळी साडी नेसली, खाली घरातल्याच चपला, स्क्रीनवर पाय दिसत नाहीत म्हणाली. पाया पडली. म्हटलं, निर्धास्त बस. आज नेटची जबाबदारी माझी. तिला बरं वाटलं.

मीटिंग अकराला. मोठे साहेब साडेअकराला येणार. म्हणजे खरी ओढ साडेअकराला. चिरंजीवांनाही सुट्टी टाकायला लावली, दारावर कोणी बेल वाजवू नये हे बघायला. हिला मिक्सर बंद.

त्याच दिवशी, अकरा वाजून गेल्यावर

उत्तम चाललंय. दाराशी कान देऊन ऐकलं. एकदाही “आवाज येतोय का” नाही. राउटरला हात लावला. कढत म्हणावा असा. साहेब यायच्या तोंडावर हा दगा देणार, माझं मन सांगतंय. आता बदल करतो. ताजा गडी लावतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

काय लिहू.

वायर या राउटरमधून काढली, त्यात घातली.  हिरवे दिवे लागले. वाटलं, झालं, कोणाला कळलंसुद्धा नाही. साहेब वेळेआधीच आले होते, हे नंतर कळलं.

आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग तिचा आवाज. सर? सर, माझा आवाज येतोय का? मग दार उघडलं.

ती दारात उभी, निळ्या साडीत. मी राउटरपुढे उभा. हात अजून दुसऱ्याच्या वायरवर. ती म्हणाली, बाबा, तुम्ही काय करताय? म्हटलं, काही नाही, ताजा लावला. तिला कळेना. चिरंजीव धावत आले, दुसरा राउटर पाहिला आणि कपाळावर हात मारला. बाबा, हा कोरा आहे! यात काही घातलेलंच नाही! लॅपटॉप याला ओळखत नाही! मग त्यांनी वायर परत पहिल्यात घातली, पण त्याला उठायला वेळ लागला. उठला तोवर पलीकडे कोणी नव्हतं. साहेबांची पुढची मीटिंग सुरू झाली होती.

सूनबाई स्टुलावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे विचारलं, बाबा, हे आज पहिल्यांदा? मी म्हटलं, बदल पहिल्यांदा. आणि बंद? म्हटलं, ते आपलं गरजेप्रमाणे. रोज? मी दुसऱ्या राउटरची शिंगं सरळ करू लागलो. ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, अहो. एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे “अहो” मी कधी ऐकलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चिरंजीवांनी मला समोर बसवून समजावलं. लहानपणी मी त्याला पाढे समजवायचो, तसं. टाकी नसते म्हणाले. गाणं आधीच पुढचं थोडं उतरवून घेतं म्हणून वाजतं, पण समोरासमोर बोलणं तसं साठवता येत नाही, माणूस अजून जे बोललेलाच नाही ते साठणार कुठे? मी म्हटलं, म्हणजे गाण्याला टाकी असते. तो म्हणाला, बाबा, प्लीज.

एकूण विचार करता मूळ चूक दुकानातली. तिथे कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं.

(सांगितलं होतं म्हणा. कधीच, म्हणाली होती ती.)

१ डिसेंबर, सोमवार

कंपनीचं पत्र आलं. मुख्य ऑफिस. या आठवड्यातच हजर व्हायचं.

सूनबाई चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, बाबा, मनाला लावून घेऊ नका. त्यांना मी तिकडेच हवी होते. नेट हे नुसतं निमित्त होतं. मी विचारलं, खरंच? ती म्हणाली, खरंच. माझ्याकडे बघून नाही म्हणाली, कपाकडे बघून म्हणाली. पण चहा गरम होता, माणूस कपाकडे बघणारच.

म्हणजे माझ्यामुळे काही नाही. हे इथे ठळक लिहून ठेवतो.

६ डिसेंबर, शनिवार

गेले. गाडीत तीन बॅगा आणि तिची खुर्ची. खुर्ची आत मावेना, टपावर बांधली. मी दोर आवळत होतो. चिरंजीव म्हणाले, बाबा, एवढा नका आवळू, तुटेल. मग वाकून नमस्कार केला, आणि उठताना माझा हात दोन्ही हातांत धरला. रागावला असता तर धरला नसता.

सूनबाईनं जाताना मला व्हिडिओ कॉल कसा घ्यायचा ते पुन्हा एकदा दाखवलं. मला येतो. तरी दाखवू दिलं.

१४ डिसेंबर, रविवार

नेट उत्तम. आठवडाभर राउटरला बोट लावलेलं नाही, तरी एकदाही गेलं नाही. सगळ्या खोल्यांत पुरेपूर काड्या. मागच्या खोलीत, खुर्ची होती त्या जागी जाऊन उभा राहिलो, तिथेही पूर्ण. ही म्हणाली, अहो, फोन घेऊन काय हिंडताय रिकाम्या घरात? इकडे बसा, पाय चोळते तुमचे. स्वतःचे गुडघे सोडून माझे पाय.

तिकडून आठवड्यात मोबाइलवर दोन अंगठे आले आणि एकदा “बाबा, धावपळीत आहे.” पूर्वी कोणाचा फोन आला नाही की आपण म्हणायचो, नेट गेलं असेल. आता ती सोय राहिली नाही.

दुपारी सूनबाईला मेसेज लिहिला. चारदा खोडला. शेवटी धाडला तो असा:

“इकडे नेट झकास चालू आहे, जरासुद्धा जात नाही. कंपनीला तू तिकडेच हवी होतीस असं तू म्हणालीस, ते मी खरं धरलंय. खरं नसेल तरी आता बदलू नकोस. आई विचारते, वेळेवर जेवता ना? माझं काही काम नाही. मोठं लिहायला नको, एक ओळ पुरे. पण सवडीनं नको, लवकर लिही.”